संवेग हरवत नाही, तो फळीला जातो

पत्र: मी ऐरोलीच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत नववीला विज्ञान शिकवते. वर्गात ५८ मुलं, तास ३५ मिनिटांचा. संवेग (वस्तुमान गुणिले वेग) अक्षय्यतेचा प्रयोग मी दर वर्षी करते, म्हणजे धडकेआधी आणि नंतर एकूण संवेग तेवढाच राहतो हे दाखवते. २ मीटरची लाकडी फळी आणि अर्ध्या किलोच्या दोन गाड्या आहेत, समोरासमोर वेल्क्रो लावलेल्या. एक गाडी उभी ठेवते, दुसरी तिच्यावर सोडते, दोघी चिकटून पुढे जातात. मोबाइलवर व्हिडिओ काढून वेग मोजते. धडकेआधी ३० सेंमी अंतर ०.५ सेकंदात, म्हणजे ०.६ मी/से. धडकेनंतर ०.३ यायला हवा, येतो ०.२२. मुलं विचारतात, "बाई, नियम चुकीचा आहे का?" मी 'घर्षणामुळे' म्हणते आणि पुढे जाते, पण मनाला पटत नाही. शिवाय मोठी गाडी छोटीला जास्त जोरात मारते, हे मुलांच्या डोक्यातून जात नाही आणि गणितात उणे चिन्ह हमखास विसरतात. एअर ट्रॅक (हवेच्या थरावर गाड्या जवळजवळ घर्षणाविना सरकणारी पट्टी) घेण्याची शाळेची ऐपत नाही. काय करू?

नमस्कार मॅडम,

वेगाचे आकडे पाठवलेत हे फार बरं केलंत. नुसतं 'प्रयोग जमत नाही' असं लिहिलं असतं, तर आम्हीही 'घर्षण असेल' म्हणून मोकळे झालो असतो. तुमच्या आकड्यांतच उत्तर आहे. ते मुलांसमोर फळ्यावर काढून दाखवा, कारण 'घर्षणामुळे' हा शब्द नुसता सांगितला तर ती सबब ठरते आणि त्याचा हिशेब मांडला की ते भौतिकशास्त्र होतं.

०.६ हा सरासरी वेग आहे, धडकेच्या क्षणाचा नव्हे. साध्या चाकांची गाडी लाकडी फळीवर दर सेकंदाला साधारण ०.१ मी/से वेग गमावते असं धरून बघू. अर्ध्या सेकंदाच्या प्रवासात ०.६ हा वेग मधल्या क्षणी होता. तिथून धडकेपर्यंत आणखी पाव सेकंद गेला, म्हणजे धडकताना वेग ०.५७५. चिकटल्यावर वस्तुमान दुप्पट, म्हणून वेग निम्मा होतो, ०.२८७५. आता पुढचे ३० सेंमी. त्यांना १.३७ सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात वेग ०.१५ पर्यंत उतरतो. सरासरी काढा, ०.२२ येते. तुमचाच आकडा.

म्हणजे तुम्ही ज्या दोन क्षणांचे संवेग ताडून पाहिलेत, त्यांच्यामध्ये जवळजवळ एक सेकंद घर्षणाचं बल काम करत होतं. संवेगाची तूट ०.३० वजा ०.२२, म्हणजे ०.०८ किग्रॅ मी/से. घर्षणाच्या बाजूने मोजा: अर्ध्या किलोवर ०.०५ न्यूटन पाव सेकंद, मग एक किलोवर ०.१ न्यूटन सुमारे ०.६९ सेकंद. बेरीज तीच, ०.०८. नियम चुकलेला नाही, त्याची अट मोडली गेली आहे. पाठ्यपुस्तकातल्या सिद्धांतात बाह्यबल नसण्याची जी अट आहे, मुलं नेमकी तीच गाळून पाठ करतात. तुमचा 'फसलेला' प्रयोग त्या अटीचं महत्त्व जितकं स्वच्छ दाखवतो, तितकं अचूक आलेलं उत्तर दाखवत नाही.

आमचा ०.१ चा अंदाज तुमच्या गाड्यांना लागू आहे का, हे तपासणं सोपं आहे. फळी सपाट ठेवून एकटी गाडी ०.६ मी/से वेगाने सोडा. ती १.८ मीटरच्या आसपास थांबली पाहिजे. दीड मीटरवरच थांबली तर घर्षण जास्त आहे, आकडे त्याप्रमाणे बदलून घ्या.

आता दुरुस्ती. पहिली फुकट आहे: धडकेच्या अगदी जवळ मोजा. साधा व्हिडिओ सेकंदाला ३० चौकटी टिपतो. ०.६ मी/से वेगाची गाडी दर चौकटीला २ सेंमी सरकते, चिकटलेली जोडी सुमारे १ सेंमी. धडकेआधीच्या फक्त ५ आणि नंतरच्या फक्त ५ चौकटींत गाडी किती सरकली ते बघा. त्याच गाड्या, तेच घर्षण असूनही तूट २७ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर येईल. मोजपट्टी गाड्यांच्या बाजूला, त्यांना लागूनच ठेवा. मागच्या भिंतीवर लावली तर चौकट बदलेल तसा वाचनात फरक पडतो. मोबाइल दोन मीटर लांब, बाकावर पुस्तकांच्या आधाराने स्थिर असावा, हातात नको. स्लो मोशन वापरणार असाल तर आधी दुसऱ्या मोबाइलवर स्टॉपवॉच लावून तो चित्रित करा. काही मोबाइल मधल्या चौकटी स्वतःच भरतात, सेकंदाचे शतांश भाग सलग पुढे सरकतात का यावरून ते कळतं. ट्यूबलाइटखाली स्लो मोशनमध्ये चित्र लुकलुकतं, म्हणून खिडकीजवळ उजेडात बसा.

दुसरी दुरुस्ती म्हणजे फळीला उतार देणं. ०.१ ला ९.८ ने भागलं की जवळपास शंभरात एक येतं, म्हणजे दर मीटरला १ सेंमी. तुमच्या २ मीटरच्या फळीचं एक टोक २ सेंमी उचला. पुठ्ठ्याचे तुकडे एकावर एक ठेवत जा आणि दर वेळी गाडीला हलकासा धक्का देऊन बघा. पहिल्या ३० सेंमीला लागणारा वेळ आणि पुढच्या ३० सेंमीला लागणारा वेळ सारखा झाला की थांबा. धक्का न देताच गाडी निघाली तर उतार जास्त झाला. इथे बरेच जण एक चूक करतात: एकाच गाडीवर उतार जुळवतात. दुसरीची चाकं थोडी जड फिरत असतील तर धडकेनंतर पुन्हा तूट येते आणि कारण सापडत नाही. दोन्ही गाड्या वेगवेगळ्या सोडून बघा, जड असलेलीच्या आसांवर शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब टाका. पावसाळ्यात फळी फुगून मधोमध वाकते, तेव्हा कितीही पुठ्ठे लावले तरी वेळ जुळत नाही. अशा वेळी स्लायडिंग खिडक्या बनवणाऱ्या दुकानातून ट्रॅकचा उरलेला तुकडा मागून आणा, चाकं त्यात बसत असतील तर लाकडापेक्षा तो केव्हाही चांगला.

उतार दिल्यावर एखादं मूल म्हणेलच, "बाई, ही तर फसवणूक झाली." त्या मुलाचं कौतुक करा आणि प्रश्न वर्गापुढे ठेवा. उताराच्या दिशेने गुरुत्वाकर्षणाचा जो भाग ओढतो, तो घर्षणाला बरोबर छेद देतो, म्हणून फळीच्या दिशेने निव्वळ बाह्यबल शून्य होतं. आपण नियमाची अट पुरी केली, उत्तर ढकललं नाही.

वजन वाढवायचं झालं तर गाडीवर अर्धा किलोचं साखरेचं पाकीट घट्ट बांधा. पाण्याची बाटली नको, धडकेत पाणी हिंदकळतं आणि गाडी मागेपुढे होते. मागे ओढून सोडायच्या खेळण्यातल्या गाड्याही नकोत, त्यांच्या आतले दाते वेग खातात.

एवढं असूनही ५८ मुलांनी एकाच फळीभोवती उभं राहायचं हे काही खरं नाही. गटांसाठी गोट्यांचा प्रयोग घ्या. त्यात घड्याळच लागत नाही, म्हणून आमच्या मते नववीला हाच मुख्य प्रयोग असावा आणि गाड्या नंतर याव्यात.

साहित्य: वायरिंगची पीव्हीसी केसिंग पट्टी, जिच्यात गोटी बाजूंना न घासता मावेल इतकी रुंद, ४० सेंमीचा तुकडा. १६ मिमीची साधी काचेची गोटी, वजन साधारण ५.४ ग्रॅम. आणि जवळपास त्याच मापाचा, पाच अष्टमांश इंचाचा बेअरिंगचा पोलादी छर्रा, वजन सुमारे १६ ग्रॅम. वागळे इस्टेट किंवा रबाळे-तुर्भ्याच्या एमआयडीसीत आईवडील कामाला असलेली मुलं तुमच्या वर्गात असतीलच, त्यांना मोडीतल्या बेअरिंगबद्दल विचारायला सांगा. माप सारखं आणि वजन तिप्पट, हे या जोडीचं मोल आहे. मापं वेगळी असली तर केंद्रं एका उंचीवर येत नाहीत आणि धडक तिरकी वर किंवा खाली बसते. स्वयंपाकघरातला काटा १ ग्रॅमपर्यंतच दाखवतो, तेव्हा दहा गोट्या एकदम तोला आणि दहाने भागा.

पट्टीचं एक टोक पुस्तकांच्या चळतीवर १० सेंमी उंच चिकटवा, ती वाकवत आणून शेवटचे १० सेंमी बाकावर सपाट ठेवा, टोक बाकाच्या कडेला जुळवा. सपाट भागात गोटी ठेवली तर ती जागची हलता कामा नये. इथे घाई केली तर पुढचं सगळं वाया जातं. पट्टीच्या टोकापासून दोऱ्याला नट बांधून ओळंबा सोडा आणि जमिनीवर खूण करा, ती 'ओ'. जमिनीवर कोरा कागद चारही कोपऱ्यांना चिकटवा, त्यावर कार्बन पेपर शाईची बाजू खाली.

आधी छर्रा एकटाच वरच्या खुणेवरून पाच वेळा सोडा. बोटाने ढकलू नका. पट्टीत आडवी फूटपट्टी धरून छर्रा अडवा आणि फूटपट्टी झटकन वर उचला. पाच ठिपके पडतील, त्यांना वेढणारं लहानात लहान वर्तुळ काढून केंद्र घ्या. वर्तुळाचा व्यास १ सेंमीपेक्षा मोठा आला तर सोडण्यात गडबड आहे. मग पट्टीच्या अगदी टोकाला काचेची गोटी ठेवा आणि त्याच खुणेवरून छर्रा सोडा. छर्रा एकीकडे पडेल, गोटी त्याच्या बऱ्याच पुढे.

दोघंही एकाच उंचीवरून पडतात, म्हणून हवेतला वेळ सारखाच. बाक ७५ सेंमी उंच असेल तर सुमारे ०.३९ सेकंद. त्यामुळे 'ओ'पासूनचं अंतर हाच वेगाचा माप. नववीच्या मुलांना हे अजून शिकवलेलं नसतं, तेव्हा बाकाच्या कडेला दोन नाणी ठेवा, एकाच झटक्यात एक नुसतं खाली पाडा आणि दुसरं टिचकीने लांब उडवा. दोन नाण्यांचा मिळून एकच आवाज येतो. तो एकदा कानांनी ऐकला की पुढे शंका राहत नाही.

आकडे कसे दिसावेत? समजा एकटा छर्रा ४२ सेंमीवर पडला. धडकेनंतर छर्रा २२ च्या आणि गोटी ६० च्या आसपास पडायला हवी. छर्रा तिप्पट जड आहे, म्हणून आधी ३ गुणिले ४२, म्हणजे १२६. नंतर ३ गुणिले २२ अधिक ६०, पुन्हा १२६. मुलांना ही बेरीज आपल्या हाताने करू द्या. कोणत्याही गटाला २२ आणि ६० तंतोतंत मिळणार नाहीत, कारण ते आकडे टक्कर किती लवचिक आहे, म्हणजे वस्तू किती उसळून वेगळ्या होतात, त्यावर ठरतात, पण बेरीज सगळ्यांची १२० ते १३० च्या दरम्यान यावी. बेरीज १२६ च्या वर जात राहिली तर कारण बहुधा छर्र्याची गिरकी. तो गडगडत येतो, धडकेनंतर पुढे जाण्याचा वेग कमी होतो पण फिरणं तसंच राहतं, आणि टोकापर्यंतच्या शेवटच्या दीड सेंमीत ते फिरणं त्याला थोडं पुढे ढकलतं. त्या भागावर कॅरमची बोरिक पावडर चिमूटभर भुरभुरा, फरक दिसेल. बेरीज जास्त येण्याचं दुसरं कारणही असू शकतं, ठिपके ओळीच्या डावी-उजवीकडे गेलेत का ते पाहा. तसं असेल तर धडक तिरकी बसलेली असते, मग सरळ ओळीवर लंब टाकून तेवढंच अंतर धरावं लागतं.

छर्र्याने गोटीला मारायचं, गोटीने छर्र्याला नाही, आणि गोटीने गोटीलाही नाही. हलकी वस्तू जडावर आदळली की उलटी पट्टीत परत येते. सारख्या दोन गोट्यांत मारणारी थांबायला हवी, पण गिरकीमुळे ती पुन्हा चालू लागते आणि मूळ वेगाच्या दोन सप्तमांश वेगाने दुसरीच्या मागे जाते. पटांगणात गोट्या खेळणाऱ्या मुलांनी हे पाहिलेलं असतं. म्हणून 'सारख्या वस्तुमानाची मारणारी वस्तू थांबते' असं पुस्तकी वाक्य गोट्यांवर दाखवायला गेलात तर मुलं ऐकणार नाहीत, आणि त्यांचं बरोबर असेल. ते दाखवायला घसरणारी वस्तू हवी. कॅरमबोर्डावर एक सोंगटी दुसरीवर नाकासमोर मारा.

'मोठी गाडी जास्त जोरात मारते' या समजावर व्याख्यानाने काही होत नाही. कणीक न्या. एकाच गोळ्यातून लिंबाएवढे दोन सारखे गोळे करा, दोन्ही गाड्यांच्या तोंडाला एकेक चिकटवा. एका गाडीवर साखरेची दोन पाकिटं चढवा, दुसरी रिकामी. धडकेआधी प्रत्येकाकडून वहीत लिहून घ्या: कोणता गोळा जास्त चेपेल? बहुतेक मुलं हलक्या गाडीचा लिहितील. धडकेनंतर दोन्ही गोळे सोडवून फूटपट्टीवर शेजारी ठेवा. चेप सारखी असते, मग मारणारी गाडी जड असो की हलकी. दोन्ही गोळे एकाच वेळी मळलेले असावेत, पंख्याखाली एक वाळला तर सगळं फसतं.

मग ठाण्याच्या तीन हात नाक्यावरच्या ट्रक आणि रिक्षाकडे या. समजा ट्रक १६,००० किलोचा, ताशी ३६ किमी म्हणजे १० मी/से वेगाने, आणि रिक्षा प्रवाशांसकट ५०० किलोची, उभी. चिकटून गेल्या तर दोघांचा वेग ९.७. बल दोघांवर सारखंच, पण ट्रकचा वेग ०.३ ने घटला आणि रिक्षाचा ९.७ ने वाढला, बत्तीस पट. मुलांना जो 'जोर' दिसतो तो वेगातला बदल आहे. त्यांचं निरीक्षण खरंच आहे, फक्त त्याला बल हे नाव चुकीचं दिलंय. असं सांगितलं की ती ऐकतात. 'तुमचं चूक' म्हटलं की पाठ करतात.

उणे चिन्हाचं दुखणं जुनं आहे. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने १६४४ मध्ये टकरींचे नियम मांडले तेव्हा गतीचं मोजमाप करताना दिशा धरलीच नाही आणि त्याचे बहुतेक नियम चुकले. पुढे डच शास्त्रज्ञ हॉयगेन्सने ते सुधारले. मुलांना हे जरूर सांगा, चूक किती स्वाभाविक आहे ते कळतं. सवय लावायची ती एकच: गणिताला हात घालण्याआधी वहीत बाण काढायचा आणि त्यावर 'उजवीकडे अधिक' असं लिहायचं. बाण नसेल तर गणित तपासू नका. आणि हे उदाहरण पहिल्याच दिवशी द्या: २०० ग्रॅमचा चेंडू ५ मी/से वेगाने भिंतीवर आपटून तेवढ्याच वेगाने परत आला, संवेग किती बदलला? निम्मा वर्ग शून्य म्हणेल. उजवीकडे अधिक धरून आधी +१, नंतर −१, बदल −२ किग्रॅ मी/से. भिंतीला उजवीकडे २ मिळाले.

तासांची वाटणी साधारण अशी: पहिला तास कणीक आणि बाण, दुसरा नाणी आणि गोट्यांची मांडणी, तिसरा गोट्यांची मोजणी. सहा-सहांचे गट पुरेत. चौथ्या तासाला गाड्या, तुम्ही करायच्या, ०.२२ चा हिशेब मुलांनी. लवचिक-अलवचिक टकरी या धड्यात आणू नका. नववीच्या पुस्तकात ऊर्जा पुढच्या धड्यात येते. तिथे पोचलात की याच गाड्यांचे आकडे पुन्हा काढा: वेग ०.६ वरून ०.३ झाला तर गतिज ऊर्जा ०.०९ ज्यूलवरून ०.०४५ वर येते, संवेग मात्र ०.३ चा ०.३ राहतो. त्यासाठी चौथ्या तासाच्या वह्या जपून ठेवायला सांगा.

आणि "मग बाई, तो ०.०८ गेला कुठे?" हा प्रश्न आला तर उत्तर तोंडी देऊ नका. पातळ प्लायवूडचा, गाडीहून फार जड नसलेला तुकडा घ्या, त्याच्या एका टोकाला ठोकळा स्क्रूने पक्का करा आणि ठोकळ्यावर वेल्क्रो. तुकडा आधी फरशीवर चिकटपट्टीने घट्ट बसवा. गाडी सोडा, ती ठोकळ्याला चिकटून थांबेल, संवेग नाहीसा झाल्यासारखा दिसेल. आता चिकटपट्टी काढा, तुकड्याखाली १२-१५ गोट्या पसरा, तो सगळीकडे टेकलेला आहे ना ते बघा, आणि त्याच वेगाने गाडी पुन्हा सोडा. गाडी ठोकळ्याला चिकटते आणि अख्खी फळी गाडीसकट पुढे चालू लागते. पहिल्या वेळी फळीमागे सगळी इमारत आणि पृथ्वी होती, म्हणून हालचाल दिसली नाही. गोट्या मात्र सारख्या मापाच्या निवडून घ्या, एखादी मोठी असली तर फळी तिच्यावर डुगडुगते आणि गाडी बाजूला घसरते.